आजाराच्या भीतीने घरं कशी बदलली? (खिडक्या, पांढऱ्या टाइल्स, ट्रॅप, झोपायच्या गॅलऱ्या वगैरे)

ओसरी

बरेच दिवस हा विषय डोक्यात घोळतोय. इथे आर्किटेक्ट आहेत, डॉक्टर आहेत, प्लंबिंगमधली माणसं आहेत, म्हणून धागा काढतेय. आपापल्या माहितीची भर घाला.

पांढऱ्या टाइल्सचं बाथरूम, भिंतीतली कपाटं, बाल्कनी, मोठाल्या काचा, कोऱ्या भिंती हे सगळं आपण 'मॉडर्न लुक' म्हणून धरून चालतो. पण जरा मुळाशी गेलं की बहुतेक ठिकाणी कुठल्यातरी आजाराची धास्ती सापडते. कॉलरा, टायफॉइड, टीबी आणि मलेरिया या चौघांनी मिळून घराचा नकाशा जेवढा बदलला तेवढा कुठल्याही एका आर्किटेक्टने बदलला नसेल, असं माझं ठाम मत झालंय. आणि मला जास्त विचारात पाडणारी गोष्ट पुढेच आहे. ज्या समजुतींवर हे बदल झाले त्यातल्या कितीतरी साफ चुकीच्या होत्या, तरी घर मात्र सुधारलं. काही वेळा उलटंही झालं, समजूत बरोबर पण घर राहायला त्रासाचं.

जुन्यापासून सुरुवात करते. विट्रुव्हिअस हा रोमन वास्तुविशारद इ.स.पू. पहिल्या शतकात लिहून गेलाय की गाव दलदलीजवळ वसवू नका, सकाळच्या वाऱ्याबरोबर तिथलं धुकं आणि दलदलीतल्या प्राण्यांचा विषारी श्वास माणसांपर्यंत येतो. जागा पक्की करायच्या आधी तिथे चरणारी जनावरं कापून त्यांचं यकृत बघायचं, ते खराब निघालं तर इथलं पाणी न् चारा माणसालाही बाधणार असा हिशोब. झोपायची खोली पूर्वेला हवी, हेही त्याने सांगून ठेवलंय. मिटिलिनी या ग्रीक शहराबद्दल त्याने जे लिहिलंय ते तर वाचण्यासारखं आहे: शहर देखणं, पण बसवलंय चुकीचं, दक्षिणेचा वारा सुटला की लोक आजारी पडतात, वायव्येचा सुटला की खोकत बसतात आणि उत्तरेचा सुटला की बरे होतात पण थंडीमुळे रस्त्यात उभं राहवत नाही. म्हणून त्याचं म्हणणं, रस्ते वाऱ्याला तिरके आखा, म्हणजे वारा कोपऱ्यांवर आपटून फुटेल.

वाईट हवेने आजार होतो ही समजूत पुढे एकोणिसाव्या शतकापर्यंत टिकली. कुजणाऱ्या गोष्टींतून, दलदलीतून, गटारातून जी दुर्गंधी येते तीच आजार आणते, तिला मियाझ्मा म्हणायचे. त्यातही रात्रीची हवा सगळ्यात वाईट. म्हणून रात्री खिडक्या घट्ट बंद आणि पलंगाला चारी बाजूंनी जाड पडदे.

यावरचा एक प्रसंग मला फार आवडतो. सप्टेंबर १७७६, बेंजामिन फ्रँकलिन आणि जॉन ॲडम्स ब्रिटिशांशी बोलणी करायला निघालेले. वाटेत न्यू ब्रन्सविकला सगळ्या खाणावळी भरलेल्या, म्हणून या दोघांना मिळून एक बिछाना आणि एक बारकी खिडकी असलेली खोली मिळाली. ॲडम्सची तब्येत बरी नव्हती, रात्रीच्या हवेची भीती, त्याने खिडकी लावून घेतली. फ्रँकलिन म्हणाला लावू नका, गुदमरून जाऊ. मग खिडकी उघडी ठेवून दोघं आडवे झाले आणि फ्रँकलिन त्याला समजावत बसला की सर्दी थंड हवेने होत नाही, बंद खोलीत एकमेकांनी सोडलेला श्वास पुन्हा पुन्हा घेतल्याने होते. ऐकता ऐकता ॲडम्सला झोप लागली, हे त्याने स्वतःच आत्मचरित्रात लिहून ठेवलंय. त्या एका खोलीत दोन समजुती शेजारी शेजारी झोपल्या होत्या आणि पुढच्या शंभरेक वर्षांत खिडकीच्या बाबतीत फ्रँकलिनची समजूत जिंकली.

लिहा मंडळी.

रात्रपाळी

फ्रँकलिनचा प्रसंग पहिल्यांदाच वाचला. धागा वर राहू दे.

पाइपलाइन

हा माझ्या रोजच्या कामाचा विषय आहे त्यामुळे लांबेल थोडं.

बाथरूमबद्दल बोलतो. शौचकूप घराच्या आत आलं तेव्हा म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर श्रीमंत घरातलं बाथरूम दिवाणखान्यासारखं सजवायचे. कमोड लाकडी पेटीत झाकलेला, वर महागनीचं झाकण, टब पण लाकडी फळ्यांत, खाली गालिचा, भिंतीला वॉलपेपर, खिडकीला झालर. त्या लाकडी पेटीच्या आत काय चाललंय, कुठे गळतंय, कुठे कुजतंय हे कोणालाच दिसायचं नाही.

मग सीवर गॅसची भीती आली. गटारातली हवा पाइपातून उलटी घरात शिरते आणि टायफॉइड करते, असं लोकांच्या डोक्यात पक्कं बसलं. १८७१ मध्ये इंग्लंडचा युवराज, पुढचा सातवा एडवर्ड, स्कारबरोमधल्या एका बड्या घरी पाहुणा म्हणून राहून आला आणि टायफॉइडने मरता मरता वाचला, त्याच घरी उतरलेला एक सरदार आणि युवराजाचा मोतद्दार दोघंही गेले. ठपका आला त्या घराच्या ड्रेनेजवर. राजवाड्यातल्या माणसाला गटाराची हवा सोडत नाही म्हटल्यावर ज्याच्या त्याच्या घरी पाइप तपासायला माणसं येऊ लागली.

आता बेसिनखालचा तो वाकडा पाइप बघा. अलेक्झांडर कमिंगने १७७५ मध्ये एस आकाराच्या वाकाचं, म्हणजे ट्रॅपचं, पेटंट घेतलं, त्या वाकात दीड-दोन इंच पाणी कायम साठून राहतं आणि तेवढंच पाणी गटाराची हवा अडवतं. ऐकायला सोपं आहे पण एक भानगड होते, वरच्या मजल्यावरून जोरात पाणी सुटलं की ते पाइपात खाली जाताना मागे हवा ओढतं आणि त्या ओढीबरोबर ट्रॅपमधलं पाणीही खेचलं जातं, ट्रॅप रिकामा, वास घरात. म्हणून वेंट पाइप आला, जो गच्चीवर उघडा सोडलेला असतो, तो बाहेरची हवा आत घेतो न् दाब सारखा करतो. हे सगळं एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, सीवर गॅसच्या भीतीच्या दिवसांत, घासून-पुसून नीट झालं. आणि टायफॉइडचा जंतू एबर्ट या जर्मन शास्त्रज्ञाला दिसला १८८० मध्ये, तो हवेतून नाही, दूषित पाण्यातून न् अन्नातून पसरतो! म्हणजे ट्रॅप आणि वेंट हे दोन्ही चुकीच्या शत्रूसाठी बांधलेले, पण आजही एकही नवीन बिल्डिंग त्यांच्याशिवाय होत नाही.

लाकडी पेट्याही तेव्हाच गेल्या. पाइप उघडे ठेवा, कमोड चिनी मातीचा आणि चारी बाजूंनी मोकळा ठेवा, भिंतीला पांढरी चकचकीत टाइल लावा. पांढरी अशासाठी की घाण लपता कामा नये, दिसली पाहिजे आणि पुसली गेली पाहिजे.

उलटतपासणी

माहिती छान आहे दोघांची, पण सगळं श्रेय आरोग्याच्या समजुतींना देणं मला पटत नाही. पैसा आणि कायदा कुठे गेला? इंग्लंडमध्ये १६९६ पासून खिडक्यांवर कर होता, तो १८५१ पर्यंत चालला, लोकांनी कर वाचवायला खिडक्या विटांनी बुजवून टाकल्या, आजही जुन्या घरांवर त्या आंधळ्या खिडक्या दिसतात. फ्रान्समध्ये दारं-खिडक्यांवरचा कर १७९८ ला लागला तो थेट १९२६ ला उठला. म्हणजे हवा-उजेड चांगला हे डॉक्टर कितीही सांगोत, गरिबाला खिडकी परवडत नव्हती. घर बांधणारा आधी भाड्याचा हिशोब करतो, आरोग्य मागून.

आणि दुसरं, चुकीच्या समजुतीतून चांगलं झालं असं म्हणून त्या समजुतीचं कौतुक करण्यात धोका आहे असं मला वाटतं.

ओसरी

@उलटतपासणी, पहिला मुद्दा फार महत्त्वाचा आहे आणि त्यावर न्यूयॉर्कचं उदाहरण देते, कारण तिथे समजूत, पैसा आणि कायदा तिघांची ओढाताण एकाच भिंतीत दिसते.

तिथल्या भाड्याच्या चाळवजा इमारती, टेनेमेंट, २५ फूट रुंद आणि १०० फूट खोल अशा प्लॉटवर असायच्या. दोन्ही बाजूंना इमारत चिकटलेली. म्हणजे उजेड फक्त पुढच्या आणि मागच्या खोलीला, मधल्या खोल्या कायम काळोखात. १८७९ च्या कायद्याने सांगितलं की प्रत्येक झोपायच्या खोलीला बाहेरच्या हवेत उघडणारी खिडकी पाहिजे. त्याच्या आधी एका प्लंबिंगच्या मासिकाने स्पर्धा ठेवली होती, त्यात जेम्स वेअरचा नकाशा पहिला आला, इमारत मध्यावर दोन्हीकडून थोडी आत दाबलेली, डंबेलसारखी. शेजारशेजारच्या दोन इमारतींच्या खाचा मिळून एक अरुंद हवेचा बोगदा तयार व्हायचा. मालकाची एक खोली वाचली आणि कायदाही पाळला गेला.

पण वरच्या मजल्यावरची माणसं त्या बोगद्यात कचरा टाकायला लागली, खाली तो कुजायचा, उन्हाळ्यात वासाने खिडकी उघडता यायची नाही, आणि आग लागली तर तोच बोगदा धुराड्यासारखा ज्वाळा वर ओढायचा. ज्या हवेसाठी खिडकी पाडली तीच हवा लोकांना नकोशी झाली! शेवटी १९०१ च्या कायद्याने बोगद्याऐवजी मोठा चौक, प्रत्येक घरात स्वतंत्र संडास आणि प्रत्येक खोलीला नीट खिडकी सक्तीची केली. जुन्या इमारतींचं काय करायचं? तर काळोख्या खोलीच्या आतल्या भिंतीत शेजारच्या खोलीकडे उघडणारी खिडकी पाडा. घराच्या आतच दोन खोल्यांच्या मध्ये काचेची खिडकी. यांना तिथे टीबीच्या खिडक्या म्हणायचे. अजूनही त्या जुन्या घरांत त्या शिल्लक आहेत आणि भाडेकरूंना कळत नाही की बेडरूम आणि स्वयंपाकघराच्या मध्ये ही खिडकी कशाला.

म्हणून मला वाटतं पैसा आणि कायदा हे समजुतीला पर्याय नाहीत. कायदा लिहिणाऱ्याच्या डोक्यातही हवाच होती. किती हवा द्यायची ते मात्र पैशाने ठरवलं.

दुसऱ्या मुद्द्यावर नंतर लिहिते, स्टेथो काय म्हणतायत ते आधी बघू, ते ऑनलाइन दिसतायत.

स्टेथो

आहे आहे, वाचतोय.

उलटतपासणींच्या दुसऱ्या मुद्द्याला माझा पाठिंबा. चुकीच्या समजुतीने माणसं मेलीही आहेत. एडविन चॅडविक, ज्याने १८४२ मध्ये कामगारांच्या वस्त्यांच्या आरोग्यावरचा तो गाजलेला अहवाल लिहिला, त्याचं मत असं की सगळा वास म्हणजे आजार. मग लंडनमध्ये घराखालचे शोषखड्डे साफ करून सगळी घाण गटारातून थेम्समध्ये सोडण्याचा सपाटा लावला. घरातला वास गेला. पण त्याच नदीचं पाणी कंपन्या लोकांना प्यायला पुरवत होत्या. १८४८-४९ च्या कॉलऱ्यात लंडनमध्ये १४ हजारांवर माणसं गेली. वासाशी लढताना पाण्यात विष कालवलं गेलं, इतकं सरळ आहे ते.

१८५४ मध्ये जॉन स्नो या डॉक्टरने ब्रॉड स्ट्रीटच्या पंपाच्या पाण्यातूनच कॉलरा पसरतोय हे दाखवून दिलं तरी बहुतेकांना पटलं नाही. आणि मग १८५८ चा उन्हाळा आला, नदीला इतकी दुर्गंधी सुटली की पार्लमेंटचे पडदे क्लोराइड ऑफ लाइममध्ये (ब्लीचिंग पावडर) भिजवून टांगावे लागले. त्यानंतर बॅझलगेट या इंजिनिअरच्या गटारांना पैसे मंजूर झाले, तेही वास घालवायला. गटारं शहराच्या खालच्या बाजूला दूर नेऊन सोडली म्हणून प्यायचं पाणी सुधारलं आणि कॉलरा गेला. १८६६ मध्ये शेवटची साथ आली ती ईस्ट एंडला, जिथे काम पूर्ण व्हायचं होतं.

तर तोच समज, दहा वर्षांच्या अंतराने एकदा मारतो न् एकदा तारतो. फरक समजुतीत नव्हता, पाइपाचं दुसरं टोक कुठे उघडतं यात होता.

ओसरी

@स्टेथो, मला हेच म्हणायचं होतं पण इतकं नेमकं जमलं नसतं. कौतुक समजुतीचं नाहीच. मला कुतूहल आहे ते याचं की कारण खोटं पडल्यावर कुठली गोष्ट घरात टिकते आणि कुठली जाते.

फ्लॉरेन्स नाइटिंगेलने १८५९ मध्ये घराच्या आरोग्याचे पाच मुद्दे सांगितले: शुद्ध हवा, शुद्ध पाणी, नीट निचरा, स्वच्छता आणि उजेड. ती तेव्हा मियाझ्मावालीच होती, जंतूंची कल्पना तिला कितीतरी वर्षं पटली नव्हती. पण त्या पाचातला एकही मुद्दा आज काढून टाकता येईल का? रात्रीच्या हवेबद्दल तिने सरळ विचारलं की रात्री रात्रीची हवा नाही घ्यायची तर दुसरी कुठली घ्यायची? बाहेरची स्वच्छ घ्या नाहीतर आतली कोंदलेली घ्या, एवढाच काय तो पर्याय.

चौकोन

टीबीवर मी लिहितो, कॉलेजात यावर सेमिनार दिला होता.

कॉख या जर्मन डॉक्टरने २४ मार्च १८८२ ला टीबीचा जंतू जाहीर केला. औषध मात्र १९४३ मध्ये सापडलं, स्ट्रेप्टोमायसिन. मधली साठ वर्षं हातात फक्त हवा, ऊन, विश्रांती आणि चांगलं खाणं. ही साठ वर्षं म्हणजेच आधुनिक आर्किटेक्चरचा जन्मकाळ, हा योगायोग नाहीये. घर हेच औषध होतं कारण दुसरं औषधच नव्हतं.

अमेरिकेत ट्रूडो या डॉक्टरने १८८० च्या दशकात सॅरानॅक लेक या गावी सॅनेटोरियम, म्हणजे टीबीच्या रुग्णांचं हॉस्पिटल, काढलं. मग त्या गावातली घरंच बदलली, प्रत्येक घराला काचेच्या गॅलऱ्या, रुग्ण बर्फ पडत असतानाही ब्लँकेटं गुंडाळून दिवसभर तिथे पडून राहायचे. हळूहळू ठणठणीत माणसांनाही वाटायला लागलं की बाहेर झोपावं, आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला झोपायची गॅलरी ही चांगल्या घराची खूण झाली. पॅसाडिनाचं गॅम्बल हाउस (१९०८) बघा, बेडरूमला लागून झोपायच्या ऐसपैस गॅलऱ्या आहेत.

पॅरिसमध्ये रू व्हाव्हँ या रस्त्यावर हेन्री सोव्हाज या आर्किटेक्टने १९१२ च्या सुमारास पायऱ्यापायऱ्यांची इमारत बांधली, प्रत्येक मजला खालच्यापेक्षा मागे सरकलेला म्हणजे प्रत्येक घराला उघडी गच्ची आणि रस्त्यात ऊन उतरतं. आणि अख्खी इमारत बाहेरून पांढऱ्या टाइल्सची, बाथरूमसारखी. लॉस एंजेलिसला नॉयट्रा या आर्किटेक्टने १९२९ मध्ये फिलिप लोव्हेल या निसर्गोपचारवाल्यासाठी घर बांधलं, त्याचं नावच हेल्थ हाउस, झोपायच्या गॅलऱ्या, सूर्यस्नानाची सोय, स्टीलचा सांगाडा आणि काच. कॉर्ब्युझिएच्या व्हिला साव्हॉयमध्ये (१९३१) तर दारातून आत शिरलं की समोर उघड्यावर वॉशबेसिन!

पण सगळ्यात मन लावून केलेलं काम आल्व्हार आल्टोचं, फिनलंडमधलं पाइमिओ सॅनेटोरियम, १९२९ ते ३३. आल्टोने विचार केला की बाकी सगळे आर्किटेक्ट उभ्या माणसासाठी खोली काढतात, इथला माणूस तर महिनोन्महिने आडवा आहे, त्याला छत दिसणार. म्हणून छताला गडद शांत रंग आणि दिवा डोळ्यावर येणार नाही असा. दोघांच्या खोलीत एकजण हात धूत असेल तर दुसऱ्याची झोप मोडू नये म्हणून बेसिनचा उतार असा ठेवला की पाणी आवाज न करता पडेल. दाराच्या मुठी अशा वळवल्या की डॉक्टरांच्या कोटाची बाही अडकणार नाही. वाकवलेल्या लाकडाची ती प्रसिद्ध खुर्ची आहे ना, तिचा कोनही छाती मोकळी राहून श्वास घेता यावा असा.

आज ती खुर्ची महागड्या दिवाणखान्यात असते. मला याबद्दल थोडं वाईट वाटतं. ज्यांच्यासाठी ती केली ती माणसं खोकत होती हे कुठेतरी लिहिलेलं असावं.

निळी शाई

चौकोन, आल्टोचा परिच्छेद दोनदा वाचला. आडव्या माणसासाठी खोली!

माझी भर वॉलपेपरची. शेले या स्वीडिश रसायनतज्ज्ञाने १७७५ मध्ये तांबं आणि आर्सेनिकपासून हिरवा रंग केला, सुंदर पोपटी, आणि एकोणिसाव्या शतकात घरोघरी त्याचे वॉलपेपर लागले. माणसं त्या खोल्यांत आजारी पडायची, हवापालटाला बाहेर गेली की बरी व्हायची आणि परत आली की पुन्हा तेच. डॉक्टरांना वाटायचं घरात ओल आहे, हवा खराब आहे. आणि इथे जुनी समजूत अर्धी बरोबर निघाली, कारण १८९० च्या दशकात इटलीत गोझिओने दाखवलं की दमट भिंतीवरची बुरशी त्या आर्सेनिकचा विषारी वायू करते. म्हणजे खरोखरच हवा वाईट होती, फक्त ती दलदलीतून आलेली नव्हती, भिंतीवर चिकटवलेली होती.

त्याच काळात धुता येणारे 'सॅनिटरी' वॉलपेपर निघाले, जाहिरातीत आधी हेच सांगायचे की आर्सेनिक नाही.

स्टेथो

निळी शाई, उत्तम भर. धुण्यावरून धुळीचं सांगतो.

कॉखनंतर डॉक्टरांना वाटत होतं की टीबी पसरतो तो वाळलेल्या थुंकीच्या धुळीतून. मग धूळ ही शत्रू नंबर एक. जड पडदे, जमिनीला ठोकून बसवलेले गालिचे, नक्षीदार फर्निचर, कपाटाच्या माथ्यावरची जागा, सगळीकडे धूळ बसते, तर हे सगळं घराबाहेर. लाकडी पलंगाऐवजी लोखंडी किंवा पितळी, म्हणजे फटीत धूळ न् ढेकूण राहणार नाहीत. उघडं कपाट नको, भिंतीत बसवा आणि छतापर्यंत न्या. जमिनीला लिनोलियम, वॉल्टनने १८६० च्या दशकात काढलेलं, सांधा नाही आणि ओल्या फडक्याने पुसता येतं. जमीन आणि भिंत जिथे मिळते तो कोपरा गोल करायचा. हॉस्पिटलमध्ये आमच्याकडे अजून तसाच असतो, फडकं एकदा फिरवलं की काही उरत नाही.

१८८४ मध्ये लंडनला आरोग्याचं मोठं आंतरराष्ट्रीय प्रदर्शन भरलं होतं, त्यात शेजारी शेजारी दोन पूर्ण घरं उभी केली होती, एक रोगट आणि एक निरोगी. लोकांनी आधी रोगट घरातून फिरायचं, चुका बघायच्या, मग निरोगी घरातून. मला वाटतं त्या काळी यापेक्षा परिणामकारक आरोग्यशिक्षण झालं नसेल.

खरं सांगायचं तर टीबी मुख्यतः खोकल्यातून उडणाऱ्या सूक्ष्म थेंबांतून हवेने पसरतो, धुळीचा वाटा त्यामानाने किरकोळ. म्हणजे त्या साठ वर्षांत गालिचे काढण्यापेक्षा खिडक्या उघडण्याने जास्त काम केलं. उन्हाचंही तसंच, डाउन्स आणि ब्लंट यांनी १८७७ मध्ये दाखवलं होतं की सूर्यप्रकाशाने बॅक्टेरिया मरतात, हे मात्र पक्कं विज्ञान.

रात्रपाळी

गोल कोपऱ्याचं कारण आज कळलं. मी ते बघून नेहमी विचार करायचो की सरळ का नाही केलं.

उलटतपासणी

मलेरियाबद्दल कोणी लिहिलं नाही अजून. तिथे तर समजूत आणि घर यांचा सरळ संबंध लावता येईल.

ओसरी

लिहिते, माझ्या मनात ती दोन उदाहरणं होतीच.

पहिलं जॉन गोरी. फ्लोरिडातल्या अपालाचिकोला बंदरातला डॉक्टर, १८४० च्या दशकात. त्याला वाटायचं मलेरिया आणि पीतज्वर गरम दमट हवेतून होतात, तर हवाच थंड केली तर? त्याने रुग्णाच्या खोलीत छताजवळ बर्फाचं भांडं टांगलं, थंड हवा जड म्हणून खाली उतरते आणि जमिनीलगतच्या फटीतून बाहेर जाते, अशी योजना. पण बर्फ उत्तरेकडून जहाजाने यायचा, भरवसा नाही. म्हणून त्याने बर्फ करणारं यंत्रच बनवलं, १८५१ ला पेटंट मिळालं. पैसा उभा राहिला नाही आणि तो त्या यंत्राचं पुढे काही झालेलं न बघताच वारला. मलेरियाबद्दलची त्याची कल्पना साफ चूक, पण खोली यंत्राने गार करायचा विचार तिथून निघतो.

दुसरं आहे ते याच्या अगदी उलट, समजूत खोटी पाडायला बांधलेलं घर. रोनाल्ड रॉसने १८९७ मध्ये डासाच्या पोटात मलेरियाचा परजीवी दाखवला होता, तरी लोकांना रात्रीची हवाच दोषी वाटत होती. मग १९०० च्या उन्हाळ्यात सँबन आणि लो हे दोन डॉक्टर रोमजवळच्या ऑस्टियाच्या दलदलीत, मलेरियाच्या ऐन हंगामात, एका लाकडी झोपडीत जाऊन राहिले. दारा-खिडक्यांना बारीक तारेची जाळी. दिवसा बाहेर हिंडायचे, तिथलंच पाणी प्यायचे, पावसात भिजायचे, रात्री खिडक्या सताड उघड्या ठेवून ती बदनाम हवा छातीभर घ्यायचे. पाळायचं एकच, सूर्य मावळला की जाळीच्या आत आणि उगवेपर्यंत बाहेर पाऊल नाही. क्विनीन घेतलं नाही. आजूबाजूचे लोक तापाने फणफणत होते आणि हे दोघं ऑक्टोबरपर्यंत ठणठणीत. हवा आत येऊ दे, डास नको, हे एका जाळीने सिद्ध झालं. जाळीच्या खिडकीइतकी स्वस्त आणि सच्ची वस्तू मला या सगळ्या इतिहासात दुसरी दिसत नाही.

चौकोन

अवांतर थोडं, कीटकांवरून आठवलं: १९२६ च्या फ्रँकफर्ट किचन या आटोपशीर स्वयंपाकघरात मार्गारेट शुट्टे-लिहोत्स्की या आर्किटेक्टने कपाटांना निळा-हिरवा रंग दिला, कारण माश्या निळ्या रंगावर बसत नाहीत असं तेव्हा मानलं जायचं. आज तो रंग 'त्या काळचा रंग' म्हणून संग्रहालयात बघतात.

निळी शाई

आणि बाळांचे पिंजरे! बाळांना हवा द्यायची म्हणून खिडकीबाहेर टांगायचा तारेचा पिंजरा, १९२३ मध्ये अमेरिकेत त्याचं पेटंट निघालं आणि १९३० च्या दशकात लंडनच्या फ्लॅट्समध्ये ते प्रत्यक्ष वापरले गेले. बाग नसलेल्या फ्लॅटमधल्या आईला डॉक्टर सांगतोय बाळाला मोकळी हवा पाहिजे, ती बिचारी काय करणार, खिडकीच्या बाहेर जागा काढली. फोटो बघून पोटात गोळा येतो पण तिची अडचण मला कळते.

पाइपलाइन

मोकळ्या हवेवरून हीटिंगचं एक. न्यूयॉर्कच्या जुन्या बिल्डिंगमध्ये स्टीमचे रेडिएटर इतके प्रचंड का असतात माहितेय का? खोली उकडून निघते, लोक हिवाळ्यात खिडक्या उघडतात आणि म्हणतात इंजिनिअरने हिशोब चुकवला. हिशोब बरोबर होता. मोकळ्या हवेची चळवळ आणि १९१८ चा फ्लू यांमुळे थंडीतही खिडक्या उघड्या ठेवा असा आग्रह होता, म्हणून कडाक्याच्या थंडीत खिडकी उघडी असतानाही खोली उबदार राहील या बेताने बॉयलर आणि रेडिएटर काढले. पुढे खिडक्या बंद झाल्या, रेडिएटर तेवढेच राहिले. जुन्या सिस्टिमला हात लावण्याआधी ती कुठल्या सवयीसाठी बांधली हे विचारलंच पाहिजे, नाहीतर नुसता पार्ट बदलून काही होत नाही.

@ओसरी, वरती फ्रँकलिनचा श्वासाचा मुद्दा आहे त्यावर कोणी मोजमाप केलं का कधी? म्हणजे खोलीतली हवा वाईट झाली हे ठरवायचं कसं?

ओसरी

केलं ना. म्युनिकच्या मॅक्स फॉन पेटेनकोफरने, १८५८ मध्ये. तोही मियाझ्माच्या बाजूचाच, इतका की १८९२ मध्ये कॉखला खोटं ठरवायला त्याने भरल्या म्हातारपणी कॉलऱ्याच्या जंतूंचं द्रावण सगळ्यांदेखत पिऊन टाकलं आणि थोड्या जुलाबावर वाचला. पण हवेच्या बाबतीत त्याने फार शहाणपणाचं काम केलं. माणसांच्या श्वासाने खोलीत नेमकं काय वाईट साठतं ते त्याला मोजता येत नव्हतं, पण कार्बन डायऑक्साइड मोजता येत होता. तर तो विषारी आहे म्हणून नाही, तर इतरांचा श्वास खोलीत किती साठलाय त्याची खूण म्हणून मोजायचा. त्याने सांगितलेली मर्यादा हजारात एक भाग, म्हणजे १००० पीपीएम (दहा लाखात हजार भाग).

कोविडच्या काळात शाळा-ऑफिसांमध्ये जे सीओटू मीटर लावले गेले त्यांच्यात खिडकी उघडायची वेळ दाखवणारा आकडा बहुतेक ठिकाणी ८०० ते १००० च्या आसपासच ठेवलेला होता.

स्टेथो

आणि कारणही तेच, दुसऱ्याचा श्वास. माझ्या क्लिनिकच्या वेटिंग रूममध्ये तो मीटर अजून चालू ठेवलाय. संध्याकाळी गर्दी झाली की हजाराच्या वर जातो, मग समोरासमोरच्या दोन्ही खिडक्या उघडायच्या. एकच उघडली तर आकडा फारसा हलत नाही, हवेला आत यायला आणि बाहेर जायला वेगवेगळी वाट लागते. ज्यांच्याकडे घरात टीबीचा किंवा फ्लूचा पेशंट आहे त्यांनी एवढं जरूर करावं.